बोटी चालू आहेत असं समजून

ऑनसाईटला आलेल्या मराठी माणसाचे वीकांत सगळीकडे साधारण सारखेच जातात. शनिवारी लॉन्ड्री, वॉलमार्ट, देसी दुकानातून गोठवलेल्या मेथीची पाकिटं. रविवारी घरी फोन आणि डाळ-भाताचा कुकर. शिकागो-न्यूयॉर्कवाल्यांना निदान फिरायला जागा तरी असते. आमच्या नशिबी आलं क्वाड सिटीज. आयोवा आणि इलिनॉय या दोन राज्यांच्या सीमेवर, मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली डॅव्हनपोर्ट, बेटनडॉर्फ, मोलीन, रॉक आयलंड वगैरे गावं. ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरचं मुख्यालय मोलीनला. पुण्यात मगरपट्ट्यातही त्यांचं ऑफिस आहे, त्यामुळे इथे मराठी ऐकू येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते हे की बहुतेक मंडळी दोन-दोन वर्षं राहून परत जातात आणि दहा मिनिटांवरचं लॉक बघत नाहीत.

तर हा लेख लॉकबद्दल. म्हणजे कुलूप नव्हे, नदीतलं लॉक.

मिसिसिपीवर मिनियापोलिसपासून सेंट लुईसच्या जवळपर्यंत अशा २९ जागा आहेत, जिथे नदी अडवून शेजारी बोटींसाठी लॉक ठेवलंय. एवढ्या अंतरात नदी चारशेहून जास्त फूट खाली उतरते, म्हणजे हा सगळा प्रकार पाण्याचा जिना आहे. प्रत्येक बंधारा ही एक पायरी आणि लॉक म्हणजे त्या पायरीवरची लिफ्ट. आमच्या गावातला नंबर १५ रॉक आयलंडला आहे, १९३४ साली पुरा झालेला, आणि थोडा वर प्लेझंट व्हॅलीजवळ नंबर १४. १५ नंबरला दारं म्हणून नदीत आडवे टाकलेले अवाढव्य पोलादी नळकांडे आहेत, एकूण अकरा. साखळीने ते फिरवत वर चढवतात किंवा खाली सोडतात. कल्पना जर्मन. या प्रकारच्या दारांचा हा जगातला सगळ्यात मोठा बंधारा.

लॉकची यंत्रणा आयटीवाल्याला लाजवेल इतकी साधी आहे. ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब असा काँक्रीटचा हौद, दोन्ही टोकांना दारं. खालून बोट आत आली की मागचं दार लावायचं आणि भिंतींमधल्या बोगद्यांच्या झडपा उघडायच्या. वरच्या अंगाचं पाणी आपणहून आत येतं, बोट वर उचलली जाते, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. पंप नाही. सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. पाचेक मजुरांच्या ताकदीने न हलणारी बोट दहा मिनिटांत सोळा फूट वर येते आणि आवाजसुद्धा फारसा होत नाही.

बोट म्हणजे काय, तेही सांगतो. गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे बार्ज पाहिले असतील. इथले बार्ज साधारण १९५ फूट लांब आणि ३५ फूट रुंद, एकेकात दीड हजार टन माल. असे पंधरा बार्ज, तीनच्या पाच रांगा, पोलादी दोरांनी एकत्र बांधतात आणि मागून एक बोट तो सगळा तराफा ढकलते. (तिला म्हणतात टोबोट, म्हणजे ओढणारी. ढकलते मात्र :)) हजारेक ट्रकांचा माल एका खेपेत. खाली जाताना मका आणि सोयाबीन, वर येताना खत, सिमेंट, मीठ. पण तराफा हजार-अकराशे फुटांचा आणि लॉक सहाशेचं. म्हणून आधी पुढचे नऊ बार्ज सोडवून आत घ्यायचे, ते पार केले की उरलेले सहा आणि टोबोट, मग पुन्हा सगळं बांधायचं. दीड-दोन तास जातात. काठावर खुर्ची टाकून बसलेले आजोबा लोक हे सगळं क्रिकेट मॅचसारखं बघत असतात. मध्येच एखादं कुटुंब आपल्या छोट्या मोटारबोटीत येतं, भिंतीवरची दोरी ओढून लॉकवाल्याला हाक देतं, आणि त्यांच्यासाठीही तोच सहाशे फुटांचा हौद भरला जातो. फुकट.

'डॅम' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोयना येतं. हे तसलं धरण नव्हे. हा बंधारा, आणि त्यातही आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचा अमेरिकन चुलतभाऊ. आपण पावसाळा संपला की बरगे टाकतो, पूर आला की बरगे काढतो. इथेही पुराच्या वेळी दारं पूर्ण वर घेतात आणि नदीला जाऊ देतात. पूर अडवणं हे याचं कामच नाही. काम एकच, पाणी कमी असतानाही बोटीखाली नऊ फूट खोली राखणं.

आता पक्षी. वसंतात आणि शरदात पांढरे पेलिकन येतात, बंधाऱ्याखालच्या खळखळाटात मासे पकडतात. पण खरी गर्दी जानेवारीत. बाहेर उणे पंधरा, नदीवर बर्फ, बोटींची वाहतूक जवळजवळ थांबलेली. फक्त बंधाऱ्याच्या खाली पाणी घुसळत असल्यामुळे गोठत नाही, आणि दारांखालून येणारे मासे गरगरून अर्धमेले झालेले असतात. उत्तरेतले बाल्ड ईगल, म्हणजे डॉलरवरच्या चित्रातले पांढऱ्या डोक्याचे गरुड, या उघड्या पाण्यावर गोळा होतात. मी १४ नंबरला एका सकाळी काठावरच्या एकाच कॉटनवुडच्या झाडावर अकरा गरुड मोजले. फळं लागावीत तसे बसलेले.

हे पाहिल्यावर आपोआप वाटतं, वा, काय दूरदृष्टी! उन्हाळ्यात बोटी, हिवाळ्यात गरुड, एकाच बांधकामात दोन्हीची सोय. मीही हौसेने वाचायला लागलो आणि लक्षात आलं की मूळ कागदात पक्षी हा शब्दच नव्हता. स्पेसिफिकेशनमध्ये युजर एकच, बार्ज. बाकीच्यांची नावं त्या कागदावर यायला फार वर्षं गेली आणि त्यासाठी बरीच भांडणं झाली.

नदी कोणाची, हे भांडण इथे जुनंच आहे. १८५६ च्या एप्रिलमध्ये रॉक आयलंडला मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल सुरू झाला. दोन आठवड्यांत, ६ मे रोजी, 'एफी ॲफ्टन' नावाची स्टीमबोट त्याच्या खांबाला धडकून जळाली आणि पुलाचा काही भागही गेला. बोटवाल्यांनी पूल कंपनीवर दावा लावला, म्हणे पूल हा जलवाहतुकीला अडथळा. पूल कंपनीच्या बाजूने १८५७ मध्ये शिकागोच्या कोर्टात जो वकील उभा राहिला त्याचं नाव अब्राहम लिंकन. नदीवरून प्रवास करण्याचा जेवढा हक्क, तेवढाच नदी ओलांडण्याचाही, असा त्याचा युक्तिवाद. ज्युरीचं एकमत झालं नाही, पूल राहिला.

आणि मग रेल्वेने नदीला खाल्लं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीवरची वाहतूक मरणपंथाला लागली होती. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला, किनाऱ्यावरच्या शहरांना जहाजाने माल नेणं स्वस्त झालं, आणि मधल्या राज्यांतला शेतकरी रेल्वेच्या भाड्यावर अडकून पडला. त्याची मागणी अगदी रास्त होती, आम्हाला स्वस्त रस्ता द्या. त्याआधी साडेचार फूट (१८७८), मग सहा फूट (१९०७) खोलीच्या योजना होऊन गेल्या होत्या. १९३० च्या कायद्याने नऊ फुटांना मंजुरी मिळाली. मंदीच्या काळात सरकारला लोकांना काम द्यायचंच होतं, त्यामुळे बहुतेक बंधारे दहा वर्षांत उभे राहिले. आपल्याकडचे प्रकल्प आठवले की हा वेग बघून गरगरायला होतं.

पण याच नदीवर सहा वर्षं आधी दुसराच एक कायदा झाला होता, आणि ही यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. शिकागोत विल डिल्ग नावाचा जाहिरात व्यवसायातला माणूस होता. शनिवार-रविवार गळ टाकून मासे पकडणारा, म्हणजे आपल्यासारखाच वीकांतवाला. १९२२ साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी आयझॅक वॉल्टन लीग ही संघटना काढली. नदीकाठची पाणथळ जमीन बांध घालून कोरडी करायची आणि शेती करायची, असा बेत शिजत होता. डिल्गने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १९२४ मध्ये काँग्रेसकडून कायदा करून घेतला: वाबाशा ते रॉक आयलंड, नदीकाठाने २६१ मैल, पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी राखीव. सरकार जमीन विकत घेऊ लागलं. डिल्ग १९२७ साली वारला. आणि तीन वर्षांनी त्याच सरकारने, त्याच जमिनीवर पाणी चढवणाऱ्या बंधाऱ्यांना मंजुरी दिली. एकाच सर्व्हरवर दोन टीम्सनी एकमेकांना न विचारता डिप्लॉय करावं, तसं!

झालं काय? सुरुवातीला चक्क चांगलं झालं. पाणी पसरलं, नवी उथळ तळी तयार झाली, पाणवनस्पती फोफावल्या, बदकं लोटली. पण एक गोम होती. हिवाळ्यात बोटी बंद, मग पाणी कशाला धरून ठेवायचं? लष्कराचं इंजिनिअर खातं हे बंधारे चालवतं, ते हिवाळ्यात पातळी उतरवायचं. त्यांच्या कागदाप्रमाणे यात काहीच चूक नव्हती. युजर लॉगआऊट झालाय, सर्व्हर बंद करा. पण उथळ तळ्यांत राहिलेले मासे पाणी उतरल्यावर बर्फाखाली अडकून मरायचे. मस्करॅट नावाचा पाणउंदरासारखा प्राणी काठाशी घरं करतो, तोही उघडा पडायचा.

१९४८ मध्ये काँग्रेसने यावर कायदा केला, आणि त्यातला आदेश वाचून मी खुर्चीत उठून बसलो. रॉक आयलंड ते मिनियापोलिस या टापूतल्या बंधाऱ्यांनी मासे आणि वन्यजीवांच्या गरजांचा पूर्ण विचार करावा, आणि शक्य तितकं, वर्षभर वाहतूक चालू आहे असं समजून पाण्याची पातळी राखावी. बोटी नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या आहेत असं समजा. माशांसाठी बंधारा चालवा असं सरळ सांगता येत नव्हतं, कारण बंधारा माशांचा नव्हताच. म्हणून बंधाऱ्याला कळणाऱ्या एकमेव भाषेत, म्हणजे बोटींच्या भाषेत सांगितलं. जुन्या सिस्टीममध्ये नवी गरज घुसवायची तर आपण दुसरं काय करतो? डमी रेकॉर्ड टाकतो.

गरुडांची गोष्ट याच्या समांतर चालू होती. हिवाळ्यात नदीवर गरुड मोजणारे हौशी लोक या भागात आधीपासून होते. एल्टन फॉक्स हा त्यातला एक. मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांवर हिवाळ्यात येणारे गरुड तो मोजायचा. बाल्ड ईगलचं डोकं चार-पाच वर्षांनी पांढरं होतं, तोवर पोरं सगळी तपकिरी. म्हणजे लांबून मोजतानाही म्हातारे किती आणि पोरं किती हे कळतं. फॉक्सने १९५८ मध्ये कळवलं की मोजलेल्या ५९ गरुडांत पोर फक्त एक होतं. हा आकडा रेचेल कार्सनच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) मध्ये आलाय. गरुड दिसत होते, काठावरच्या बघ्याला सगळं छान वाटत होतं, पण पुढची पिढीच येत नव्हती. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन घरट्यातच फुटत होती. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या देशात घरटी करणाऱ्या गरुडांच्या फक्त ४१७ जोड्या सापडल्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. २००७ मध्ये गरुड धोक्याच्या यादीतून बाहेर पडला आणि २०२१ च्या सरकारी अहवालात जोड्यांचा आकडा ७१ हजारांवर गेला. जानेवारीत मी मोजलेल्या अकरांत चार तपकिरी होते. फॉक्सबद्दल वाचल्यावर त्या चारांकडे बघायची नजरच बदलली.

बंधाऱ्याच्या कागदावर पक्ष्यांचं नाव यायला मात्र आणखी एक भांडण लागलं. सेंट लुईसच्या वर ऑल्टनला २६ नंबरचं जुनं लॉक पाडून मोठं बांधायचं ठरलं. १९७४ मध्ये त्याविरुद्ध कोर्टात गेले कोण? रेल्वे कंपन्या, डिल्गची ती आयझॅक वॉल्टन लीग, आणि सिएरा क्लब. रेल्वेला स्पर्धा नको होती, बाकीच्यांना नदीची काळजी. कोर्टाने काम थांबवलं. १९७८ मध्ये तडजोड झाली: लॉक बांधा, पण बार्जवाल्यांनी इंधनावर कर द्यायचा (तोवर सगळं करदात्यांच्या पैशांवर चालू होतं) आणि संपूर्ण नदीचा अभ्यास करायचा. त्यातून १९८६ चा कायदा आला, ज्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं की ही नदी राष्ट्रीय महत्त्वाचा जलमार्गही आहे आणि राष्ट्रीय महत्त्वाची परिसंस्थाही. १९३० ते १९८६. छप्पन्न वर्षांनी दुसरा युजर दस्तऐवजात आला.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं, पण नदी तेवढी सरळ नाही. १९४८ च्या कायद्याने हिवाळ्यात मासे वाचले, पण पातळी बारा महिने तीच धरून ठेवण्याचाही त्रास आहेच. मूळ नदी उन्हाळ्यात उतरायची, गाळ उघडा पडून वाळायचा, घट्ट व्हायचा, त्यावर नव्या वनस्पती उगवायच्या. आता तळी कायम भरलेली, लाटांनी बेटं झिजून गेली, गाळ ढवळून पाणी गढूळ. म्हणून २००१ आणि २००२ च्या उन्हाळ्यात ८ नंबरच्या बंधाऱ्यामागचं पाणी मुद्दाम दीडेक फूट उतरवलं. मधला मार्ग आधीच उपसून ठेवला, म्हणजे बोटीही अडणार नाहीत. वनस्पती परत आल्या. झिजलेली बेटंही गाळ टाकून पुन्हा बांधली. आज नोव्हेंबरमध्ये मिनेसोटातल्या ब्राउन्सव्हिलला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की तिथे हजारो टुंड्रा हंस दिसतात. आणि काही गोष्टी पातळी वरखाली करून सुटत नाहीत. स्किपजॅक हेरिंग हा मासा बंधाऱ्यांमुळे वर येईनासा झाला, आणि त्याच्या कल्ल्यांना चिकटून वाढणारे एबनीशेल शिंपलेही वरच्या नदीतून जवळपास संपले.

कधी कधी हार बोटींचीही होते. मिनियापोलिसचं सगळ्यात वरचं लॉक २०१५ च्या जूनमध्ये कायमचं बंद केलं. कारण काय, तर परदेशी कार्प मासे लॉकमधून वर शिरू नयेत. १९६३ साली उघडलेली एकोणपन्नास फुटांची लिफ्ट एका माशासाठी बंद.

सध्याचा हिशोब आकड्यांत बघायचा तर २००७ च्या कायद्यात दोन्ही कामं एकाच योजनेत घातली आहेत: बाराशे फुटांची नवी लॉक, म्हणजे तराफा तोडायला नको, आणि सोबत परिसंस्थेची दुरुस्ती. २०२२ मध्ये पहिला मोठा पैसा आला. २५ नंबरच्या नव्या लॉकला ७३.२ कोटी डॉलर, २२ नंबरला मासे वर जाण्यासाठीच्या वाटेला ९.७१ कोटी. दोन्ही नावं कागदावर आहेत हे खरं, रक्कम समान नाही हेही खरं. पण १९३० मध्ये दुसरी ओळ शून्य होती.

हे सगळं वाचताना मला सारखं भिगवण आठवत होतं. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं ते सिंचनासाठी, फ्लेमिंगोंसाठी नव्हे. तरी उन्हाळ्यात पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहित पक्षी येतात, आणि पुण्याहून आपण पहाटे गाड्या काढून मच्छीमारांच्या होडीतून ते बघायला जातो. फोटो काढतो, मासळीचं जेवण जेवतो, परत येतो. पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरतं तेव्हा ऊस बोलतो, शहरं बोलतात, आणि त्यांनी बोललंच पाहिजे. पक्ष्यांच्या वतीने बोलायचं तर हातात काय हवं? फोटो नव्हे, आकडे. वर्षानुवर्षं, त्याच जागी, त्याच महिन्यात मोजलेले. फॉक्सकडे तेवढंच होतं आणि ते पुरलं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, भारतात ती बीएनएचएसच्या समन्वयाने चालते आणि मोजणारे बहुतेक आपल्यासारखे हौशीच असतात. एक रविवार आणि एक दुर्बीण, बस.

असो. क्वाड सिटीजमध्ये कोणी येणार असेल तर थोडी माहिती. जुलैत बोटी बघायच्या तर १५ नंबर. पण ते बेट म्हणजे लष्करी तळ आहे, ओळखपत्र घेऊन जा आणि गेटवर पास लागेल हे धरून चाला. तिथला १८९६ चा गव्हर्नमेंट ब्रिज चुकवू नका. वर रेल्वे, खाली मोटारी, आणि बोट आली की पुलाचा एक अख्खा भाग गोल फिरतो. गरुडांसाठी जानेवारीत १४ नंबर, सकाळी लवकर. गाडीतून उतरून दारं धाडधाड आपटू नका, थंडीत एकेक उड्डाण त्यांना महाग पडतं. दोन जोड मोजे घाला, थर्मासमध्ये चहा न्या. आणि मोजाल तेव्हा पांढरी डोकी वेगळी, तपकिरी वेगळी लिहा.